कानाचं मशीन घेतलं त्या सेंटरबद्दल, आठ महिने वापरून लिहितेय

नमस्कार. मी अमळनेरची, वय ६९, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं आता पेन्शनर. जळगावच्या या सेंटरमधून एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही कानांची मशीनं घेतली, आज डिसेंबर आहे, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, दिवाळी सगळं बघून झालं. इथे वरती बाकीचे रिव्ह्यू बघितले तर लोकांनी "मस्त सर्व्हिस", "स्टाफ चांगला" एवढंच लिहिलंय, त्याने माझ्यासारख्या बाईला काही कळत नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर लांबू द्या.

आधी माझं काय झालं होतं ते सांगते. मला ऐकू येत नव्हतं असं मला कधी वाटलंच नाही. आवाज येतो ना, मग झालं. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, आजकालची पोरं घाईघाईत बोलतात, टीव्हीवाले मागे म्युझिक लावतात, असंच मी चार-पाच वर्षं धरून चालले. सून म्हणायची आई टीव्ही किती मोठा करता, मी म्हणायची तुझे कान नाजूक आहेत. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला ९७वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. आपल्या गावात संमेलन, मी मराठी शिकवलेली बाई, तिन्ही दिवस सकाळपासून जाऊन बसले. आणि मला भाषणं कळेनात. आवाज येत होता पण शब्द सुटे होत नव्हते, लोक हसले की मी हसायची, टाळ्या वाजवल्या की वाजवायची. शेजारच्या बाईने विचारलं काय म्हणाले हो ते आत्ता, मला सांगता येईना. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही, यांना सांगितलं डोकं दुखतंय.

तरी मी लगेच काही केलं नाही हं. वर्ष घालवलं. वय झालं की व्हायचंच असं म्हणत राहिले. आता मला कळतं की "वय झालं" हे दोन शब्द म्हातारपणातले सगळ्यात महागात पडणारे शब्द आहेत, गुडघा दुखला वय झालं, झोप लागत नाही वय झालं, ऐकू येत नाही वय झालं, आणि त्या नावाखाली आपण बरं होण्यासारखं पण अंगावर काढतो. डोळ्याचा मोतीबिंदू मी बिनदिक्कत काढून घेतला, चष्मा चाळिशीपासून लावते, कुणाला लाज वाटली नाही. कानाचं नाव काढलं की मात्र माणूस चिडतं. का ते मला अजून नीट सांगता येत नाही, बहुतेक बहिऱ्या माणसाला लोक हसतात ते आपण लहानपणापासून बघितलेलं असतं. माझी नणंद एकदा सगळ्यांसमोर आमच्या अहिराणीत म्हणाली होती, "बहिरी व्हयनी का वं तू?" (बहिरी झालीस का गं तू?) तिच्या मनात काही नव्हतं, पण त्यानंतर मी तिच्याकडे जाणं कमी केलं.

एक फसता फसता वाचलेला अनुभव पण सांगते. मध्ये एका ठिकाणी मोफत कानतपासणी शिबिर होतं, तिथे गेले. कान आतून बघितलाच नाही, पाच मिनिटं हेडफोन लावला आणि लगेच कानाच्या आत बसणारं, कुणाला दिसणार नाही असं मशीन, सव्वा लाखाचं, आजच बुक केलं तर डिस्काऊंट. ह्यांनी हात धरून बाहेर आणलं. मोठे दीर पण असेच, त्यांनी तीन हजाराचं घरपोच मागवलं होतं, ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं, पंखा पण मोठा, भांडी पण मोठी, माणसाचं बोलणं तिथल्या तिथेच. ते आता कपाटात पडून आहे आणि दीर म्हणतात मशीनने काही होत नाही. अशाने लोकांचा विश्वास उडतो.

मग मुलाने आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला लावलं. हे सगळ्यांनी करा, डायरेक्ट मशीनच्या दुकानात जाऊ नका. कधीकधी नुसता मळ अडकलेला असतो, पडद्याला भोक असतं, इन्फेक्शन असतं, त्याचा इलाज वेगळा. माझ्या उजव्या कानातून एवढा कडक मळ निघाला, तरी पण मूळ त्रास राहिलाच, डॉक्टर म्हणाले आतली नस वयाने कमजोर झालीय, ह्याला गोळी नाही, ऑडिओलॉजिस्टकडे म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. (आणि एक, कुणाला एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर ते वयाचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरकडे पळा, उशीर झाला तर परत येईलच असं नाही.)

तर असे आम्ही जळगावला या सेंटरला आलो. एसटीने आलो, यांचं वय ७६ म्हणजे तिकीट फुकट आणि माझं अर्धं, त्यामुळे दहा वेळा जावं लागलं तरी जीवावर येत नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण मशीन घेतल्यावर चार-पाच फेऱ्या होतातच, ज्याला फेऱ्या नकोत त्याने घेऊच नये.

आता सेंटर. पहिली गोष्ट जी मला आवडली ती तपासणीच्या आधीची. तपासणी करणारी मॅडम वयाने लहान आहे, माझ्या धाकट्या मुलीएवढी. तिने मशीनचं नावच काढलं नाही. वही घेतली आणि विचारलं, "काकू, आधी कुठे कुठे जायच्या आणि आता कुठे जायचं बंद केलंय?" मी म्हटलं कुठेच नाही, सगळीकडे जाते. तर हे बाजूला बसलेले, त्यांनी सांगायला सुरुवात केली. मंगळवारचं भजनी मंडळ सोडलं. नणंदेकडे जात नाही. बोरी नदीकाठी वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, दरवर्षी मैत्रिणींबरोबर जायची, दोन वर्षं गेली नाही. हळदीकुंकवाला बोलावलं की काहीतरी निमित्त. फोन आला की यांच्याकडे देते. मुलीचा पुण्याहून रोज फोन यायचा तो आता आठवड्यातून एकदा येतो आणि मी फक्त "बरी आहे, बरी आहे" म्हणते. मी ऐकत होते आणि मला घाम फुटला. मला वाटत होतं की मी शांत झालेय, संसारातून मन काढलंय, वयाला शोभेल असं राहतेय. ते तसं नव्हतं. ऐकू येत नव्हतं म्हणून मी एकेक दार लावत आले होते.

ती यादी तिने वहीत लिहिली आणि म्हणाली मशीन चांगलं लागलं की नाही ते ह्या यादीवरून ठरवू. मला हे फार पटलं. पाच स्टार मी त्या एका प्रश्नाला दिलेत असं समजा.

मग काचेच्या बंद खोलीत बसवून तपासणी, बारीक टुं टुं आवाज आला की बटण दाबायचं, पाऊण तास चालली. ग्राफ काढून समजावला, उजवा कान ४८ डेसिबल डावा ५२, म्हणजे आवाज एवढा मोठा झाला तरच ऐकू येतो, आणि कागदावर डावीकडून रेघ बरी चालते आणि कागदाच्या उजवीकडे गेली की डोंगर उतरल्यासारखी खाली. म्हणजे जाड आवाज ऐकू येतात आणि बारीक आवाज जातात. स, श, फ, च ही अक्षरं बारीक आवाजाची, ती गळून पडतात आणि उरतात ते स्वर. म्हणून "आवाज येतो पण कळत नाही". आणि म्हणूनच यांचा जाड आवाज मला समजायचा आणि सुनेचा, नातीचा नाही, आणि मी मात्र समजत होते की सून मुद्दाम हळू बोलते. तिची मी घरी आल्यावर माफी मागितली, खरंच मागितली.

त्यानंतरची टेस्ट मी विसरणार नाही. मॅडमने तोंडासमोर कागद धरला, म्हणजे मला ओठ दिसू नयेत, आणि एकेक शब्द बोलली, मी तसाच म्हणायचा. तिने सात म्हटलं, मी म्हटलं हात. तिने फार म्हटलं, मी म्हटलं पार. चूल, मूल. वीस शब्दांत माझे नऊ बरोबर आले. मी ३१ वर्षं पोरांना श्रुतलेखन घातलंय, शब्द दोनदा म्हणायचा, तिसऱ्यांदा म्हणायचा नाही हा माझा नियम होता. वर्गात मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं कायम चुकायची आणि मी त्यांना लक्ष नाही म्हणून रागवायची. त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा वाटलं, त्यांच्यातल्या एखाद्याला ऐकूच येत नसेल तर? हे आता फार उशिरा सुचलं. शिक्षक मंडळी वाचत असतील त्यांनी हे मनावर घ्या.

मशीन कोणतं घेतलं ते कंपनीच्या नावाने लिहीत नाही, कारण प्रत्येकाचा ग्राफ वेगळा, माझं बघून तुम्ही घ्याल आणि लागणार नाही. कानामागे बसतं, बारीक वायर कानात जाते, पुढे सिलिकॉनची छोटी टोपी. सेलवालं घेतलं, चार्जिंगवालं नाही, कारण आमच्याकडे लाईटीचा भरवसा नाही. जोडीचे ५८,००० लागले. रक्कम मोठी आहे, मी पण दोन रात्री विचार केला. पण पाच दिवस घरी ट्रायलला दिलं, डिपॉझिट घेऊन, आणि जबरदस्ती अजिबात नाही. महागडं दाखवा म्हटल्यावर मॅडम म्हणाली काकू तुम्हाला मीटिंगा करायच्या नाहीत, त्या फीचरचे पैसे कशाला देता. ज्यांना परवडत नाही त्यांनी सरकारी योजनांची चौकशी करा, केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना त्यात श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, काठी मिळते, आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री आहे, ६५ च्या पुढच्यांना वस्तू घ्यायला ३,००० रुपये एकदा खात्यात येतात. सेंटरमध्ये याची माहिती विचारली तर नीट सांगतात, त्यात त्यांचा काही फायदा नसताना.

आता खरं सांगते, पहिला महिना भयंकर होता. कुणीतरी आधी सांगायला हवं म्हणून लिहितेय, मशीन म्हणजे चष्मा नाही की लावला आणि दिसायला लागलं. नळाचं पाणी दगड पडल्यासारखं, पेपर उलटला तरी कानात खरखर, माझाच आवाज मला डब्यातून आल्यासारखा. मेंदू हे आवाज विसरलेला असतो, त्याला परत शिकवावं लागतं. मॅडमने टाईमटेबल दिलं होतं, पहिल्या दिवशी फक्त दोन तास, घरात, शांत वेळी. मग एका माणसाशी बोलायचं. मग दोघांशी. रोज पंधरा मिनिटं पेपर मोठ्याने वाचायचा म्हणजे आपला आवाज आपल्याला ओळखीचा होतो. बाजार आणि लग्न सगळ्यात शेवटी. मी शिक्षिका आहे, टाईमटेबल मोडत नाही. बरेच लोक तिथे पहिल्या दिवशीच दिवसभर लावतात, वैतागतात, आणि डबीत ठेवून देतात ते कायमचं. आवाजाची सेटिंग पण आधी कमी ठेवली आणि तीन फेऱ्यांमध्ये वाढवत नेली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आणि यांना पण शिकवलं. हे दुसऱ्या कुठल्या दुकानात होत नसेल. "काका, ओरडू नका, ओरडल्याने शब्द फाटतो. आधी नाव घ्या, समोर या, मग सावकाश बोला. दुसऱ्या खोलीतून बोलायचं बंद." ४६ वर्षांच्या संसारात हे कायम स्वयंपाकघराच्या दाराबाहेरून बोलत आलेत. आता आत येऊन ओट्याशी उभे राहून बोलतात. आम्ही दोघं सध्या दिवसात जेवढं बोलतो तेवढं मुलं लहान होती तेव्हापासून बोललो नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. लेकी माहेरी आलेल्या, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, गाणी चाललेली. खरं तर एवढ्या गर्दीत जायची माझी वेळ झाली नव्हती, पण गेले. झोक्याच्या दोराचा करकर आवाज मला आठवत होता तसाच होता. गाणी अर्धी कळली अर्धी गलक्यात गेली, तासाभराने डोकं भणभणलं, मशीन काढून ठेवलं. पण नातीचं घडलं ते सांगायचंच आहे. ती पाच वर्षांची, पुण्याला असते, पळत येऊन गळ्यात पडली आणि मशीन शिट्टी मारायला लागलं, कानाला काही टेकलं की ते तसं वाजतं. ती घाबरून मागे झाली. मग परत आली, परत शिट्टी. तिला वाटलं मी मिठी मारली की आजी वाजते. आता फोनवर पण विचारते, आजी मी आले की वाजशील ना. आणि तिचा "श" मला ऐकू आला. वाजशील मधला श. एवढं बारीक अक्षर.

काळजी घेण्याच्या गोष्टी, ज्या मला वापरून कळल्या: डोक्याला तेल लावून लगेच मशीन घालू नका, तेल माईकच्या बारीक भोकात जातं, माझं मे महिन्यात असंच बंद पडलं, मी घाबरून जळगाव गाठलं तर नुसतं साफ करून दिलं, पैसे घेतले नाहीत. आता रात्री तेल, सकाळी केस पुसून मशीन. आपल्या खान्देशात मे महिन्यात ४५ डिग्री असते, घाम सारखा कानामागे, म्हणून रात्री सेलचं दार उघडं ठेवून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या कोरड्या डबीत ठेवायचं, पावसाळ्यात तर हमखास. गाडीत, खिडकीत, गॅसजवळ ठेवायचं नाही. सेलला वरती चिकटपट्टी असते ती काढल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मग घाला, हवा लागून तो सुरू होतो, आणि पट्टी एकदा काढली की वापरा न वापरा तो संपत जातो, म्हणून अख्खं पाकीट पोरांच्या हातात देऊ नका. मला एक सेल सहा-सात दिवस जातो. आणि कुत्र्यापासून जपा, शेजारणीच्या नवऱ्याचं मशीन कुत्र्याने चावलं.

तक्रारी पण लिहिते कारण नुसतं कौतुक खरं वाटत नाही. एक, सेंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सत्तरीच्या लोकांचं काम आणि बावीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. माझ्यासमोर एक आजोबा मधल्या पायरीवर बसून राहिले होते, मॅडम खाली येऊन त्यांच्याशी बोलली, ते चांगलंच, पण हा काही उपाय नाही. दोन, अपॉइंटमेंट ११ ची आणि नंबर साडेबाराला, असं दोनदा झालं, बाहेरगावच्या लोकांची परतीची गाडी असते. तीन, काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघत बोलते. अहो, ज्यांना ऐकू येत नाही त्यांचंच हे दुकान, तोंड वर करून बोलायला नको का? मी तिला सांगितलं, तिने ऐकून घेतलं, पुढच्या वेळी वर बघून बोलली. चार, सेल इथे बाहेरपेक्षा थोडे महाग आहेत.

काही जण विचारतील एवढ्या वयात एवढा खर्च कशाला, किती दिवस राहिलेत. असं मला तोंडावर विचारलंय लोकांनी. त्यांना मी एवढंच सांगते की जागतिक आरोग्य संघटना सांगते साठीच्या पुढच्या चारातल्या एकापेक्षा जास्त लोकांना त्रास होईल इतकं कमी ऐकू येतं, आणि २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने विस्मरणाच्या आजाराची टाळता किंवा सुधारता येण्यासारखी १४ कारणं दिली त्यात कमी ऐकू येणं आहे, नजर कमी होणं आहे आणि एकटं पडणं पण आहे. मशीन लावलं म्हणजे विसरायचा आजार होणारच नाही असं कुणी म्हणत नाही, मॅडम पण म्हणाली नाही. पण ऐकू येत नाही म्हणून माणूस घरात बसतं, घरात बसलं की बोलणं जातं, बोलणं गेलं की चालणं पण कमी होतं, हे मी स्वतःच्या घरात बघितलंय, त्याला मला कुठला रिपोर्ट लागत नाही. आता मी सकाळी सहाला चालायला जाते ते पण ह्या मशीनमुळेच, आधी मागून येणारी गाडी कळायची नाही म्हणून भीती वाटायची आणि ती भीती मी कुणाला सांगितली नव्हती.

यादीचं काय झालं ते. भजनी मंडळ सुरू झालं जूनपासून, टाळ जवळ वाजले की त्रास होतो म्हणून मी पेटीच्या बाजूला बसते. यात्रेला यंदा गेले, रथाच्या गर्दीत मशीन काढून पर्समध्ये ठेवलं, तेवढं चालतं. मुलीचा फोन रोज यायला लागला, स्पीकरवर टाकून मशीन लावून बोलते. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, नणंदेकडे गेले, तिने दारातच विचारलं, "आते समदं आयकाले येस ना वं?" (आता सगळं ऐकू येतं ना गं?) मी म्हटलं येतं, तू हळू बोल. ती रडली, मी पण. परवा शेतात भरताची पार्टी झाली, पराटीच्या म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी टाकलेली, साल फुटताना जो आवाज होतो तो मी कितीतरी वर्षांनी ऐकला, मी तिथेच जाळाजवळ बसून राहिले, वांगी जळायला लागली तरी कुणाला आवाज दिला नाही. हळदीकुंकू तेवढं राहिलंय, ते संक्रांतीला.

मोठ्या दिरांना पुढच्या महिन्यात घेऊन येतेय, अपॉइंटमेंट घेतलीय, आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवून. त्यांचे गुडघे दुखतात, तर पायऱ्यांना दुसऱ्या बाजूने कठडा तेवढा तोपर्यंत बसवा, मी आल्यावर बघेन आणि इथेच खाली लिहीन.